टेक्नेशियमची गाय

औषधाचा इतिहास आपण बहुधा शोधाच्या सालापासून सांगू लागतो. किरणोत्सारी औषधांना ही रीत लागू पडत नाही. हाडे, हृदय, मूत्रपिंडे यांच्या स्कॅनसाठी जगभर वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एम हे एमिलिओ सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांना १९३८ सालीच सापडले होते. तरी पुढची वीसहून अधिक वर्षे रुग्णाला त्याचा उपयोग झाला नाही. अडचण त्याच्या गुणातच होती. त्याचा अर्धायुकाल अवघा ६ तासांचा. त्यामुळे तपासणीनंतर शरीरात किरणोत्सार रेंगाळत नाही, पण त्यामुळेच आज सकाळी तयार केलेल्या द्रव्याचा उद्या सकाळी फक्त सोळावा हिस्सा उरतो. असे औषध दूरच्या रुग्णालयात पाठवायचे कसे? म्हणूनच या औषधाचा खरा जन्म प्रयोगशाळेतल्या शोधात नाही, ते रुग्णालयात रोज ताजे मिळण्याच्या सोयीत आहे, असे माझे मत आहे.

ही सोय निघाली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, १९५०च्या दशकाच्या अखेरीस. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन आयोडीन-१३२ तयार करत होते, तेव्हा त्यात भेसळ आढळली. ती टेक्नेशियमची निघाली आणि तिचे मूळ होते मॉलिब्डेनम-९९. त्याचा अर्धायुकाल ६६ तासांचा, म्हणजे प्रवासाला पुरेसा. यावर बेतलेले यंत्र साधे आहे: शिशाच्या जाड कवचात एक लहानशी नळी, तिच्यात अ‍ॅल्युमिनाची भुकटी आणि तिला चिकटून बसलेले मॉलिब्डेनम. वरून सलाइन सोडले की टेक्नेशियम तेवढे विरघळून खाली उतरते, मॉलिब्डेनम जागच्या जागी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नवा साठा तयार असतो. तंत्रज्ञ या यंत्राला गाय म्हणतात आणि तिची रोज धार काढतात. पॉवेल रिचर्ड्स यांनी १९६० साली याचा वैद्यकीय वापर सुचवला आणि शिकागोत पॉल हार्पर व कॅथरिन लॅथ्रॉप यांनी तो करून दाखवला.

यावर कोणी म्हणेल, खरे औषध तर टेक्नेशियमला नेमक्या अवयवाकडे नेणारा रेणू. नळीला एवढे श्रेय कशाला? रेणूचे महत्त्व वादातीत आहे. पण १९७० साली एकेलमन आणि रिचर्ड्स यांनी ‘डीटीपीए’ या अशाच एका रेणूचे झटपट तयार होणारे किट मांडले, ते रोजची धार हाताशी होती म्हणूनच उपयोगी पडले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाय दर आठवड्याला नवी लागते आणि तिच्यातले मॉलिब्डेनम मुख्यतः अणुभट्टीतून येते. २००९ साली कॅनडाची चॉक रिव्हर इथली अणुभट्टी बंद पडली, तेव्हा जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. मात्र या घटनेने माझा मुद्दा बळकटच होतो. रेणू तेच होते, डॉक्टर तेच होते, तुटली ती फक्त पुरवठ्याची साखळी. उपचारांसाठीच्या ल्युटेशियम-१७७चा अर्धायुकाल साडेसहा दिवसांहून थोडा अधिक आहे, म्हणून त्याला सवड जास्त मिळते. घड्याळ मात्र त्याचेही चालूच असते. म्हणून नव्या किरणोत्सारी औषधाची पारख करताना ते कर्करोगाच्या गाठीवर किती अचूक बसते याच्याइतकाच अणुभट्टीपासून रुग्णाच्या शिरेपर्यंतच्या वाटेचाही हिशेब मांडायला हवा.