चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती

आणीबाणीतही नागरिकाचा जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क शाबूत ठेवणारी, भारतीय संविधानात १९७८ साली झालेली दुरुस्ती. जनता पक्षाच्या सरकारातील कायदामंत्री शांतिभूषण यांनी मे १९७८ मध्ये तिचे विधेयक लोकसभेत मांडले. तेव्हा त्याचा क्रमांक पंचेचाळिसावा होता. राष्ट्रपतींची संमती ३० एप्रिल १९७९ रोजी मिळाली आणि बहुतेक तरतुदी २० जून १९७९ पासून अमलात आल्या.

या दुरुस्तीचे मोल जाणायचे तर सर्वोच्च न्यायालयाचा २८ एप्रिल १९७६ चा निकाल आधी पाहावा लागतो. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी ‘अंतर्गत अशांतते’च्या कारणावरून आणीबाणीच्या उद्‌घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळापुढे ती गेली दुसऱ्या दिवशी सकाळी. लगेच २७ जूनला निघालेल्या आदेशाने समानता, जीवित व स्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण यांविषयीच्या अनुच्छेद १४, २१ आणि २२ खालील हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट बंद झाली. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात डांबलेल्यांनी तरीही बंदीप्रत्यक्षीकरणाचे (हेबिअस कॉर्पस) अर्ज केले. स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी न्यायालय तपासू शकते, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी घेतली. सरकार अपिलात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर दाद मागता येईल का? आणीबाणी चालू असेपर्यंत नाही, असे उत्तर आले. भर न्यायालयात असे उत्तर देता यावे, इतके नागरिकाचे हक्क तेव्हा पातळ झाले होते. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड त्यांपैकी एक. खन्नांनी एकट्याने विरोधी निकालपत्र लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बहुमतातील न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

खन्नांचे अल्पमत या दुरुस्तीने संविधानात आणून बसवले. आणीबाणीत हक्कांसाठी न्यायालयात जाणे थांबवू देणाऱ्या अनुच्छेद ३५९ मधून अनुच्छेद २० आणि २१ वगळले गेले. त्यामुळे कोणतीही आणीबाणी आली तरी जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येते. अनुच्छेद २० नुसार आणीबाणीतही मागाहून केलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा करता येत नाही आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. दुरुस्तीतील इतर सगळ्या तरतुदी बाजूला ठेवल्या, तरी एवढ्या एका तरतुदीसाठी तिचे नाव राहिले असते.

आणीबाणी लावणेही कठीण करण्यात आले. अनुच्छेद ३५२ मधील ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आला. मोर्चे, संप, घेराव यांना अशांतता म्हणता येते, सशस्त्र उठाव म्हणता येत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींनी उद्‌घोषणा करायची नाही, असे बंधन घातले गेले. २५ जूनच्या रात्रीचा धडा त्यात स्पष्ट दिसतो. संसदेची मंजुरी महिन्याभरात आणि विशेष बहुमताने घ्यायची, दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायची. उद्‌घोषणा मागे घ्यायला लावण्यासाठी मात्र लोकसभेचे साधे बहुमत पुरते. अनुच्छेद १९ मधील भाषण, सभा, संचार इत्यादी स्वातंत्र्ये आता फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीतच थांबवता येतात.

याच दुरुस्तीने एक मूलभूत हक्क काढूनही घेतला. मालमत्तेचा हक्क अनुच्छेद १९ आणि ३१ मधून वगळून ३००क या नव्या अनुच्छेदाखाली केवळ संवैधानिक हक्क म्हणून ठेवला गेला. यामागे जमीन सुधारणांचा जुना झगडा होता. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने, कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून वाचवणारी नववी अनुसूची निर्माण झाली. तिच्यातील मूळच्या तेरा कायद्यांत मुंबईचा १९४८ चा कूळकायदाही होता. जमीनदारांच्या दाव्यांतून असे कायदे वाचवणे गरजेचे होते. पण लहान शेतकऱ्याची जमीन प्रकल्पात जाते तेव्हा त्यालाही आता मूलभूत हक्क म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही, हेही तितकेच खरे.

लोकसभेने मंजूर केलेले सगळेच टिकले नाही. मूलभूत हक्कांना, लोकशाही स्वरूपाला, मुक्त निवडणुकांना किंवा न्यायालयीन स्वातंत्र्याला बाधा आणणाऱ्या दुरुस्तीसाठी जनतेचे सार्वमत घ्यावे, असे एक कलम विधेयकात होते. राज्यसभेत जनता पक्षाचे बहुमत नव्हते. तिथे ते कलम गळाले. त्यामुळे असे संरक्षण आजही संविधानाची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, या केशवानंद भारती खटल्यातील (१९७३) सिद्धान्तावर, म्हणजे न्यायालयावरच विसंबून आहे. वर सांगितलेला १९७६ चा निकाल चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सांगितले. त्यातील प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे, म्हणजे यशवंत चंद्रचूड यांच्या मुलाचे.

अधिनियमाचे कलम ३ मात्र कागदावरच राहिले. ते प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयी आहे. त्यानुसार सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कोणालाही दोन महिन्यांपेक्षा जास्त स्थानबद्ध ठेवता येणार नाही, मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमले जाईल आणि अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्ती असतील. प्रत्यक्षात जुनी तीन महिन्यांची मर्यादाच चालू आहे. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली किंवा महाराष्ट्रात ‘एमपीडीए’ हा धोकादायक कृत्ये रोखण्याचा कायदा लावून स्थानबद्ध केलेल्या माणसाला या सुधारणेचा आधार मिळत नाही. कलम ३ अमलात आणण्याचा आदेश सरकारला द्यावा, ही मागणी ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये बहुमताने फेटाळली. तारीख ठरवण्याचे काम संसदेने केंद्र सरकारवर सोपवले आहे, असे कारण देण्यात आले. त्यानंतर अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली; ती तारीख कोणीही जाहीर केलेली नाही.