भिलाईची नाडी

भिलाईचा इतिहास म्हणजे पोलादाचा इतिहास, अशी एक समजूत रूढ झाली आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि धानाच्या बांध्यांच्या या मुलखात उद्योगनगरी उभी राहिली. नागपूर-विदर्भाकडील मराठी कुटुंबेही तिच्या आश्रयाने येथे स्थिरावली. परंतु नगरीचे मोल केवळ पोलादाच्या टनांनी करता येत नाही. तेथील आजारी माणसाला वैद्य कितपत सुलभ आहे, हेही पाहावे लागते.

या दृष्टीने पाहू जाता आम्हांस दोन इतिहास दिसतात. कारखान्याने आपल्या कामगारांसाठी सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय उभारले. पण त्याच कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्लीराजहरा येथील खाणींतील कंत्राटी मजूर त्या व्यवस्थेच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. जून १९७७ मधील गोळीबारात त्यांचे सहकारी बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीने व श्रमाने उभारलेले ‘शहीद रुग्णालय’ ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. त्यामागील प्रेरणा असलेले शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. विद्या आणि औषध जवळ असूनही दार बंद असू शकते, हा या इतिहासाचा धडा होय.

दार उघडण्याचा पुढचा मोठा प्रयत्न यंत्राने नव्हे, माणसांनी केला. छत्तीसगढ राज्य २००० साली अस्तित्वात आले आणि २००२ मध्ये ‘मितानिन’ योजना सुरू झाली. मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जिवलग. या लोकरूढीवरून नाव घेऊन पाड्यापाड्याने आपल्यातीलच एक स्त्री आरोग्यसेवेसाठी निवडली. २००५ साली देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेला या प्रयोगाचा आधार मिळाला.

यानंतर यंत्र आले. २०११ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची ‘संजीवनी एक्स्प्रेस’ धावू लागली आणि दूरध्वनीच्या एका हाकेवर रुग्णवाहिका येऊ लागली. कोरोनाच्या साथीत, २५ मार्च २०२० रोजी, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम देशात जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात ‘ई-संजीवनी’द्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी घोषित झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकास चौदा अंकी आरोग्य-क्रमांक देऊ केला. मजुरीसाठी परप्रांतांत जाणाऱ्या छत्तीसगढी माणसाला याचे महत्त्व फार आहे. पावसात भिजून गेलेल्या चिठ्ठीबरोबर त्याच्या आजाराचा सारा पूर्ववृत्तान्त नाहीसा होत असे. आता तो त्याच्यामागोमाग जाऊ शकतो.

परंतु ‘संजीवनी’ या नावातच एक इशारा दडलेला आहे. मारुतीरायाला वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून त्याने अवघा पर्वतच उचलून आणला. ती ओळखून उपयोगात आणणारा सुषेण वैद्य रणभूमीवर होता, म्हणूनच लक्ष्मण वाचला. आज माहितीचे पर्वत तळहातावर येत आहेत. सुषेण कोठे आहे, हा प्रश्न उरतोच. पडद्यावरील डॉक्टर पोट चाचपून पाहू शकत नाही. पुष्कळ घरांत मोबाइल एकच आणि तोही पुरुषाच्या खिशात असतो. तेव्हा स्त्रीने आपले दुखणे कोणापुढे उघडावे? आणि कंत्राटी मजुराच्या छातीच्या विकाराची नोंद उद्या कंत्राटदाराच्या हाती पडली, तर औषधासाठी दिलेली माहितीच त्याची रोजी हिरावून घेणार नाही काय? नोंद रुग्णाच्या संमतीवाचून उघडू नये, हे तत्त्व योजनेत आहे. पण ज्याला संमती नाकारण्याचे बळ नाही, त्याच्या संमतीला अर्थ कितीसा?

आम्ही यंत्राचे वैरी नाही. यंत्रानेच घडविलेल्या या नगरीत ते शोभणारही नाही. आमचे म्हणणे इतकेच, की तारेने जोडलेली सेवा पाड्यावरील मितानिनीच्या हाती पोचली, तर ती तिचे बळ वाढवील. तिची जागा घेऊ लागली, तर जुनेच बंद दार नव्या रूपाने उभे राहील. दल्लीराजहराच्या मजुरांनी ते दार आपल्या हातांनी उघडले होते. नव्या विद्येची कसोटी हीच, की ते पुन्हा त्यांच्यावर बंद होऊ नये.