बिघाडाची वंशावळ

युरोपातल्या डोंगराळ मुलखात हिवाळ्यात कॅम्पर व्हॅन घेऊन हिंडणाऱ्यांच्या वाट्याला एक ठरावीक सकाळ येते. रात्री पारा शून्याखाली उतरलेला असतो. सकाळी लख्ख ऊन पडते, गाडीच्या छतावरची सोलर पॅनेल तापू लागतात, पण लिथियम बॅटरीत वीज काही जात नाही. फ्यूज शाबूत आहे, तारा घट्ट आहेत, पॅनेलमधून व्होल्ट येत आहेत. त्याच बॅटरीवर दिवा लागतो, पाण्याचा पंपही चालतो. वीज बाहेर येते आणि आत मात्र जात नाही. बॅटरी गेली, असे नवखा मालक ठरवून टाकतो. प्रत्यक्षात ती धडधाकट असते. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत लागलेल्या आगींचा धडा ती पाळत असते.

चाकांवरचे हे घर तसे जुने आहे. फोक्सवॅगनने 1950 मध्ये जर्मनीत डब्याच्या आकाराची व्हॅन बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायचे झोपण्याचे व स्वयंपाकाचे सामान तयार केले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने 1954 मध्ये सिलिकॉनचा सौर घट जगापुढे मांडला. अंगावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे 6 टक्के ऊर्जेची तो वीज करत असे. पुढे पॅनेल स्वस्त होत गेली आणि व्हॅनच्या छतावर चढली. मात्र साठवणीला बराच काळ शिसे आणि आम्लाचीच बॅटरी होती. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती 1859 मध्ये बनवली होती.

ही बॅटरी आपल्या घरोघरी ओळखीची आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे हे कित्येक मराठी घरांतले नेमाने करायचे काम. तिचा स्वभाव उघडा. आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजली की ती किती भरली आहे ते कळते. व्होल्टमीटरही बरेच सांगतो: स्वस्थ असताना 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. रिकामी ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाचे क्षार घट्ट बसतात, म्हणून ती कायम भरलेली ठेवायची. बॅटरी तपासण्याची माणसाची सारी रीत दीड शतक अशी शिशावर घडली. लिथियम बॅटरीच्या अनेक तथाकथित बिघाडांचे मूळ या जुन्या सवयीत आहे.

लिथियम हे मूलद्रव्य योहान आर्फवेडसनला 1817 मध्ये स्टॉकहोममध्ये एका खनिजात सापडले. धातूंमध्ये ते सर्वांत हलके, आणि इलेक्ट्रॉन देऊन टाकायला अतिशय उतावीळ. बॅटरीला असाच धातू हवा. पण तो पाण्याशी आणि हवेशीही झगडतो, त्यामुळे वारंवार चार्ज होणारी लिथियम बॅटरी शक्यतेच्या टप्प्यात यायला 1970 चे दशक उजाडावे लागले. तेलसंकटाच्या त्या काळात एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एका बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड आणि दुसऱ्या बाजूला लिथियम धातू घेऊन अशी बॅटरी बनवली. ती चालली, पण चार्ज करताना लिथियम सपाट थराने परत बसेना. त्याला सुईसारखे तंतू फुटत; ते वाढत समोरच्या बाजूला टेकले की शॉर्ट सर्किट होई. आगी इतक्या वेळा लागल्या की त्या विझवणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करू, असे अग्निशमन दलाने बजावले.

यावर तोडगा निघाला तो धातूच काढून टाकण्याचा. जॉन गुडइनफ यांनी 1980 मध्ये ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइडची धन बाजू शोधली. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये ऋण बाजूला कार्बन ठेवला. आता लिथियम आयनांच्या रूपात एका घरातून दुसऱ्या घरात ये-जा करू लागले. सोनीने 1991 मध्ये अशी बॅटरी बाजारात आणली, आणि व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या गारठलेल्या सकाळचे उत्तर इथेच आहे. शून्याखालच्या तापमानात कार्बनच्या थरांत शिरण्याची आयनांची गती मंदावते. बाहेरून वीज ढकलत राहिलो तर आत जागा न मिळालेले लिथियम पृष्ठभागावर धातू म्हणून साचते. घालवलेला शत्रू मागच्या दाराने परत येतो आणि साचलेला धातू पुढे ऊन पडले तरी पुरता विरघळत नाही. म्हणून बॅटरीच्या पोटातले राखणदार सर्किट, बीएमएस, चार्जिंगचे दार बंद करते. वीज देण्यात हा धोका नसल्याने ते दार उघडे राहते. उपाय साधा आहे: बॅटरी उबदार होऊ द्यावी, किंवा तिला गाडीच्या आतल्या बाजूस जागा द्यावी.

दुसरा नेहमीचा गोंधळ व्होल्टमीटरचा. व्हॅनमध्ये आज बहुधा लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी असते. तिचे मूळ अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या कामात आहे. त्यांचा शोधनिबंध 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते, म्हणून तापली तरी ही बॅटरी सहजी पेटत नाही. पण तिच्यात लिथियमने भरलेला आणि लिथियमविना असे दोन पदार्थ शेजारी नांदतात. वीज वापरताना त्यांचे प्रमाण बदलते, दाब जवळपास तोच राहतो. चार घटांची बॅटरी 70 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आली तरी फरक एक-दोन दशांश व्होल्टचा. मीटर 13 च्या वर दाखवतो, मालक निश्चिंत झोपतो आणि पहाटे फ्रिज अचानक बंद पडतो. इथे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेची मोजदाद ठेवणारा शंट लागतो, आणि तोही अधूनमधून पूर्ण चार्ज करून जुळवावा लागतो.

फ्रिज बंद पडल्यावर तिसरे कोडे उभे राहते. घटाचा दाब 2.5 व्होल्टच्या आसपास आला की बीएमएस सगळेच तोडते. टोकांवर मीटर शून्य दाखवतो. अनेक सोलर कंट्रोलर स्वतः बॅटरीच्या विजेवर जागे होतात. बॅटरीच दिसेना म्हटल्यावर तेही झोपून राहतात. ऊन आहे, पॅनेल आहे, बॅटरीही जिवंत आहे, पण कोणी कोणाला हाक मारायची हा पेच. लिथियमसाठी बनवलेला योग्य चार्जर लावला की बहुधा ती जागी होते.

म्हणून लिथियम बॅटरी तपासताना पहिला प्रश्न ‘काय मोडले?’ असा नसावा. ‘कोणी, कशासाठी नकार दिला?’ असा असावा. तापमान, प्रत्येक घटाचा दाब, तोडल्याची नोंद या क्रमाने पाहिले की बहुतेक गुंते सुटतात. खरे बिघाडही असतात: फुगलेला घट, विनाकारण तापणारी बाजू, पुन्हापुन्हा मागे पडणारा एकच घट. तिथे बॅटरी बाजूला काढणेच शहाणपणाचे. पण चार्ज होत नाही म्हणून वैतागून बीएमएसला वळसा घालून थेट तार जोडणारेही असतात. ज्या आगी प्रयोगशाळेत पुरेशा लागून गेल्या, त्यांनाच ते पुन्हा बोलावतात. आणि रात्री त्याच बॅटरीशेजारी अंथरूण घालून झोपतात.