चिपला तार जोडणाऱ्या बायका



कपडे धुण्याचं मशीन वेळ झाली की आपोआप थांबतं. किराणा दुकानातला काटा वजनाबरोबर किंमतही दाखवतो. या दोघांच्या पोटात एक छोटीशी चिप बसवलेली असते. काय मोजायचं आणि कधी थांबायचं, एवढंच काम तिला नेमून दिलेलं असतं. 1971 साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतल्या गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी आकडेमोड करणारा भाग, आठवण ठेवणारा भाग आणि आज्ञा साठवायची जागा असं सगळं एकाच चिपवर बसवलं. 1974 पासून तशा चिप्स बाहेरच्या कारखानदारांनाही विकत मिळू लागल्या आणि कॅल्क्युलेटर, खेळणी, ओव्हन यांत जाऊन बसल्या.

ही दोन नावं इतिहासात नोंदली गेली. आम्हाला आज बोलायचंय ते चिप हातानं जोडणाऱ्यांबद्दल.

सिलिकॉनच्या गोल चकतीवर एका वेळी शेकडो चिप्स उमटवतात. मग ती चकती कापायची, एकेक तुकडा उचलून चौकटीवर चिकटवायचा आणि त्याच्या कडेपासून बाहेरच्या धातूच्या पायांपर्यंत केसाहून बारीक तार जोडायची. तार सोन्याची किंवा ॲल्युमिनियमची. 1960 च्या दशकात हे काम सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून हातानं चालायचं, आणि ते करायच्या बहुतेक बायकाच.

फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कॅलिफोर्नियातली त्या वेळची मोठी चिप कंपनी. मजुरी स्वस्त म्हणून 1963 मध्ये तिनं हे जोडकाम हाँगकाँगला नेलं. 1965 मध्ये ती अमेरिकेतच, न्यू मेक्सिको राज्यातल्या शिपरॉक गावी गेली. हा नवाहो आदिवासींचा मुलूख. रोजगार फारसा नव्हता, आणि कामगारांना शिकवण्याच्या खर्चाला सरकारचा हातभार होता. काही वर्षांतच तिथं हजाराहून जास्त नवाहो माणसं कामाला लागली, त्यात बायकाच जास्त. गाव न सोडता पगार मिळत होता, ही काही लहान गोष्ट नव्हे.

नवाहो बायका पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या पाळतात, लोकर कातून मागावर गालिचे विणतात. 1969 मध्ये नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला कंपनीनं एक पुस्तिका काढली. तीत चिपची नक्षी विणलेला गालिचा छापला होता. सांगणं असं, की बारीक काम या बायकांच्या अंगातच आहे.

ऐकायला गोड वाटतं. पण विणकाम काही जन्मतः येत नाही, मुलगी ते थोरल्यांजवळ बसून वर्षानुवर्षं शिकते. चिपला तार जोडणंही शिकावंच लागतं. शिकून आलेल्या कामाचा दाम मागता येतो. अंगातच आहे म्हटलं की दाम कसला मागणार? शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आपल्या ताईंना हे वेगळं सांगायला नको. बायकांच्या हाताला चव असतेच असं म्हणायचं, आणि हातावर पगार नाही, मानधन ठेवायचं!

पुढं मंदी आली. चिप्सची मागणी घटली, शिपरॉकमधल्या 140 जणांना कामावरून काढलं. फेब्रुवारी 1975 मध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदुका घेऊन कारखान्यात ठाण मांडलं. आठवडाभरानं ते बाहेर पडले, आणि कंपनीनं कारखाना कायमचा बंद केला. तसं जोडकाम आशियात आधीपासूनच जात होतं. पण उरलेल्या शेकडो जणांचंही काम गेलं, ते ज्यांनी बंदूक हातात घेतलीच नव्हती त्यांचंही.

आता जोडकामाचे आणि तपासणीचे असे कारखाने आपल्या देशात येत आहेत, गुजरातेत साणंदला, आसामात जागीरोडला. यंत्रं बदलली आहेत, तार आता यंत्रच जोडतं. तरी माणसं लागणारच, आणि त्यात मुली असणार. तुमच्या ओळखीची कुणी तिथं कामाला लागली, तर तिच्या नेमणूकपत्रावर 'कुशल' लिहिलंय की 'मदतनीस', तेवढं आम्हाला कळवा.