सावलीतील रानफुलांची बीजलागवड

झाडांच्या छायेत वाढणारी रानफुले बियांपासून रुजवण्याची पद्धत. येऊरचे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतात आणि ही पद्धत निसर्ग तिथे दर पावसाळ्यात स्वतःच वापरतो.

कारवी (स्ट्रोबिलँथस कॅलोसा) हे त्याचे ठळक उदाहरण. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच, सामूहिकपणे फुलते. या भागात २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. बी धरले की झुडूप मरते. बोंडे मात्र वाळून फांदीवरच राहतात आणि पुढे तडकून बिया दूर उडवतात. त्या पहिल्या पावसात रुजतात. कुंडीत कारवी लावणाऱ्याला फुलांसाठी बरीच वाट पाहावी लागते, हे उघडच आहे.

घाई असणाऱ्यांसाठी तेरडा बरा. त्याचे पिकलेले बोंड स्पर्शानेच फुटते, म्हणून ते किंचित आधी, कापडी पिशवी बांधून गोळा करावे. जूनमध्ये पालापाचोळ्याच्या भुसभुशीत खतावर बी पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा. पाणी साचले तर रोपे कुजतात.

कळलावीचे बी मात्र सावकाश उगवते, फुलायला काही वर्षे घेते. शिवाय कोल्चिसीनमुळे ती सर्वांगी विषारी आहे.

राष्ट्रीय उद्यानातून बी आणणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निषिद्ध आहे. बियाणे रोपवाटिकेतून किंवा खाजगी जमिनीवरून, मालकाच्या परवानगीने घ्यावे.