आडनावाचे नाव

परवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. तिच्या शेजारणीला मुलगी झाली आणि तिचे नाव ठेवले ‘मॅकेंझी’! “सर, आपल्याकडे कुणी मुलीचे नाव ‘कुलकर्णी’ ठेवील का हो?” असे तिने विचारले होते. मी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखविले. सगळे पोट धरून हसले. पण मास्तरकीचा रोग असा, की हसून झाले म्हणजे माणूस पुस्तके उघडतो.

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘मॅकेंझी’ म्हणजे केनेथचा मुलगा. आता हे पाळण्यातल्या मुलीचे नाव! मात्र या गमतीच्या मुळाशी एक जुनी, गंभीर रीत आहे. इंग्लंडातील प्रतिष्ठित घराण्यांत सोळाव्या शतकापासून आडनावे मुलांना नावे म्हणून देऊ लागले होते. लेडी जेन ग्रेचा नवरा गिल्डफर्ड डडली याचा १५५४ साली शिरच्छेद झाला. ‘गिल्डफर्ड’ हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. लग्न झाले की बाईचे आडनाव पुसले जाई. मग ते लेकराच्या नावात जपून ठेवीत. ही रीत पुढे अमेरिकेत गेली. तिथल्या दक्षिणेकडील संस्थानांत ती विशेष रुजली आणि मुलींच्याही वाट्याला आली.

मुलींच्या बाबतीत एका कादंबरीचा हातभार मोठा आहे. शार्लट ब्राँटेची ‘शर्ली’ १८४९ साली प्रसिद्ध झाली. नायिकेच्या आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी. मुलासाठी योजलेले घराण्यातले नावच त्यांनी तिला दिले. तोवर शर्ली हे आडनाव, क्वचित पुरुषाचे नाव. पुढे १९२८ साली जन्मलेली शर्ली टेंपल बालनटी म्हणून गाजली आणि घरोघर शर्ली झाल्या. आज कुणी मुलाचे नाव शर्ली ठेवीत नाही. अ‍ॅशलीचेही तेच. ‘गॉन विथ द विंड’ या १९३६ च्या कादंबरीतला अ‍ॅशली पुरुष; १९९१ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत अ‍ॅशली पहिले! मुलीला मुलाचे नाव दिले तर ती ऐट; मुलाला मुलीचे दिले तर ती नामुष्की. नावांच्या बाजारातही दर ठरलेले आहेत.

‘मॅडिसन’ची कथा तर आणखी न्यारी. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ चित्रपटातली जलपरी न्यूयॉर्कमधल्या रस्त्याची पाटी पाहून हे नाव घेते. रस्त्याला ते आले चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यावरून. चित्रपटात हा विनोद होता. २००१ साली ते मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होते. इथे आईच्या माहेराची आठवण कुठली? उरली ती निव्वळ टूम. तिच्यावर हसायला माझी हरकत नाही.

परंतु हसता हसता मी थबकलो. त्यांच्याकडे बाईचे आडनाव जाई, नाव तरी राही. आमच्याकडे कित्येक घरांत तांदळात अंगठीने नवे नाव लिहून आईबापांनी ठेवलेले नावही पुसून टाकले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहावे, असा नियम महाराष्ट्र शासनाने केला. फार चांगले झाले. पण आईच्या माहेरच्या आडनावाला त्यातही जागा नाही.

त्या रात्री मी माझ्या आजीचे माहेरचे नाव आठवू लागलो. सासरचे ठाऊक होते. तिने लावलेले लोणचे, तिच्या ओव्या, सारे आठवत होते. माहेरचे नाव मात्र आठवेना. थोरल्या काकांना विचारले. तेही बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अरे, आम्ही कधी विचारलेच नाही.” तिचे आडनावही त्यांना सांगता आले नाही. ज्या बाईच्या मांडीवर मी वाढलो, तिला लग्नापूर्वी कोणत्या नावाने हाका मारीत, हे सांगणारे घरात आता कुणी नाही.

विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर लिहायचे आहे. ‘कुलकर्णी’ची थट्टा त्यात करावी की नाही, एवढेच अजून ठरत नाही.