‘नाद’, ‘गर्द’ आणि ‘रुग्णमित्र’ : नगर जिल्ह्याच्या निमित्ताने व्यसनवाचक शब्दांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी राहुरी तालुक्यातील एका गावी बोलीची सामग्री गोळा करीत असता प्रस्तुत लेखकास एकाच घरात, एकाच मुलाविषयी तीन वाक्ये ऐकावयास मिळाली. मुलगा सोळा वर्षांचा होता. आई म्हणाली, “त्याला नाद लागलाय.” शेजारचे एक गृहस्थ आवाज खाली न आणता म्हणाले, “गर्दुल्ला झालाय तो.” आणि मुलगा, जो इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, एवढेच म्हणाला, “मला सुटत न्हाई.” आम्ही गेलो होतो शेतीच्या अवजारांची नावे टिपावयास. त्या दिवशी वहीत पाभरीच्या भागांची नावे अर्धवट राहिली. ही तीन वाक्ये मात्र पूर्ण उतरली.

मुलाची हकीकत पुढे त्याच्याकडूनच समजली. आठवीत असताना दोन मित्रांच्या संगतीने रुमालावर व्हाइटनर ओतून हुंगण्यापासून आरंभ झाला. मग ‘बटन’, म्हणजे झोपेच्या वा गुंगीच्या गोळ्या. मग एका ओळखीच्याने दिलेली पुडी. आपल्या हातून हे सुटत नाही, कोणास तरी सांगितले पाहिजे, हे त्यास वर्षभर आधीच कळले होते. मग सांगितले का नाही? त्याचे उत्तर असे : बसस्थानकावर पडून असणाऱ्या एका माणसाकडे बोट दाखवून त्याच्या चुलत्याने एकदा ‘गर्दुल्ला’ हा शब्द उच्चारला होता. “मी सांगितलं असतं, तर मी त्योच झालो असतो.” दरम्यान घरच्यांनी आपल्या परीने उपाय केले. देवऋष्याचा गंडा झाला, मामाकडे वर्षभर ठेवणे झाले. एका डॉक्टरांनी झोप येत नाही म्हणून पुन्हा झोपेच्याच गोळ्या दिल्या. मदतीचा शोध चालू होता, परंतु दार कोणते ठोठवावयाचे आणि ते उघडल्यावर मुलास काय म्हणावयाचे, याचा निर्णय होत नव्हता. या दुसऱ्या अडचणीचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम व्याकरण. मराठीत माणसावर जे येऊन आदळते ते सांगताना माणूस कर्ता होत नाही. त्याला चतुर्थीचे रूप मिळते. त्याला ताप आला, तिला भूक लागली, मला आठवण झाली. व्यसनासंबंधीची जुनी क्रियापदेही याच घडणीची आहेत : त्याला नाद लागला, त्याला चटक लागली, त्याला व्यसन जडले. येथे कर्ता नाद आहे, व्यसन आहे. माणूस ते ज्याला लागले तो. या रचनेत एक वाट मोकळी राहते, कारण जे लागते ते सुटू शकते. मुलाचे “मला सुटत न्हाई” हे वाक्य याच रचनेचे नकारार्थी रूप होय. याउलट ‘गर्दुल्ला झालाय’ या वाक्यात मुलगा प्रथमेत आहे आणि विधेय हे नाम आहे. ताप उतरतो, नामाचे तसे नाही.

‘व्यसन’ हा शब्द आज दोषवाचक वाटतो, पण त्याचा मूळ अर्थ संकट असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीचे असून त्यात दुष्काळ, पूर, आग व रोगराई यांच्याच पंक्तीला राजाचे द्यूत, मृगया व मद्यपान येऊन बसते. माणसाला श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी शब्दाची फोडही कौटिल्याने दिली आहे. या फोडीत माणूस हा फेकला जाणारा आहे, फेकणारा नव्हे, हे लक्षात ठेवावयाचे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामज दहा व क्रोधज आठ अशी व्यसनांची मोजदाद येते आणि तेथून पुढे शब्दाचा तोल आपत्तीकडून दुर्गुणाकडे झुकत गेलेला दिसतो. मराठीत तो आला तोवर हा तोल बहुतेक पूर्ण गेला होता. ‘व्यसनी’ हे विशेषण तर निव्वळ निंदेचे राहिले.

निंदेचा एक जुना नमुना नगर शहरातच आहे. निजामशाहीचा मीरान हुसेन हा कोवळ्या वयाचा मुलगा १५८८ मध्ये बापाचा वध करून गादीवर आला आणि वर्षाच्या आतबाहेर स्वतःही मारला गेला. त्या वेळी नगरात असलेल्या फिरिश्त्याने त्याचे वर्णन मद्यधुंद होऊन हलक्या सोबत्यांसह रात्री रस्त्यांवरून हिंडणारा व वाटेत येईल त्यास मारणारा असे केले आहे. बखरकाराला त्यात स्वभावापलीकडे काही दिसले नाही. आणि ज्या घरात बाप मुलाच्या जिवावर व मुलगा बापाच्या जिवावर उठलेला, त्या घराविषयी दुसरे काही लिहिणे कोणत्याच काळी सोपे गेले नसते.

त्याच निजामशाहीच्या फारसी दफ्तराने मराठीस ‘अमल’ हा शब्द दिला, किंवा निदान तो दृढ केला. मूळ अरबी धातूचा अर्थ करणे, कृती. त्यावरून अमल म्हणजे सत्ता, अमलदार म्हणजे सत्ता चालविणारा. ‘मामला’ आणि ‘मामलेदार’ हेही त्याच धातूचे. परंतु मादक द्रव्याचा शरीरावर जो अंमल चढतो तोही अमलच, आणि त्यावरून ‘अमली’. मोल्सवर्थच्या कोशात सत्ता आणि कैफ हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत नांदतात. या शब्दातील दृष्टी मला चुकीची वाटत नाही. द्रव्य हे राज्य करते आणि माणूस त्याची रयत होतो, असे तो सांगतो. आजचा वैद्य याहून फार निराळे सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात सरकारच या द्रव्यांचे मक्तेदार झाले. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्याबरोबर गांजा-भांगेसही परवान्याच्या व्यवस्थेत आणले. नगर जिल्हा त्या काळी इलाख्यातील गांजाच्या लागवडीचा एक प्रदेश होता. द्रव्याची नोंद एकरांत, शेरांत आणि परवाना-शुल्कात होऊ लागली. ते ओढणाऱ्याची नोंद मात्र कोठेच नव्हती. ती प्रथम झाली ती १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनमुळे. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने हजारावर साक्षी घेऊन १८९४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या प्रश्नावलीत मुले ही द्रव्ये सेवन करतात काय, असाही एक प्रश्न होता.

या अहवालातील एक भाग मला अनेक वर्षे विसरता आलेला नाही. गांजाने वेड लागते, असे वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या सांगत होत्या. आयोगाने त्या नोंदी एकेक करून तपासल्या, तेव्हा असे आढळले की, रोग्याचे कारण लिहिण्याचा रकाना बहुधा पोलिसांकडून वा दंडाधिकाऱ्याकडून आलेल्या कागदावरून भरला जाई, आणि ज्याच्याजवळ चिलीम सापडली किंवा ज्याच्याविषयी दुसरे काही ठाऊक नाही अशा पुष्कळांपुढे ‘गांजा’ हा एक शब्द लिहून नोंद संपविण्यात आली होती. मर्यादित सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, हा आयोगाचा निष्कर्ष पुढे पुष्कळ उद्धृत झाला. परंतु भाषेच्या अभ्यासकास त्या रकान्याचा शोध अधिक मोलाचा वाटावा. एक शब्द भरला की चौकशी थांबते.

त्याच सुमारास अफूसंबंधीच्या राजकीय आयोगाचे (१८९३–९५) कामही चालू होते. आपल्याकडे अफूचा सर्वांत निरागस वापर म्हणजे बाळगोळी. कामावर जाणारी आई तान्ह्या मुलास ती चाटवून निजवी. त्या आईला कोणी ‘अमली’ म्हटले नाही, मुलालाही नाही. तेच द्रव्य, पण शब्द निराळा म्हणून न्याय निराळा.

स्वातंत्र्यानंतरचा शब्द म्हणजे ‘बंदी’. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून ‘दारूबंदी’, ‘नशाबंदी’ हे समास सरकारी भाषेत रुळले. यातील ‘बंदी’ फारसी आहे, पण मुद्दा उगमाचा नाही, अन्वयाचा आहे. बंदी कोणाची? दारूची, नशेची. पिणाऱ्या माणसाला या समासात जागाच नाही. असलीच तर गुन्हेगार म्हणून. नगर जिल्ह्यात या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे आहे. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी गावातील दारूच्या भट्ट्या बंद करविल्या. दुकानांतून विडी-तंबाखूही गेली. न ऐकणाऱ्यास देवळाजवळच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारण्यात येई, हे त्यांनी स्वतः लपविलेले नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते ती प्रेमानेच, अशा आशयाचे समर्थन ते करीत. गावाचा कायापालट झाला, पाणी आले, हे खरे, आणि ते लहान काम नव्हे. तथापि खांबाला बांधलेल्या माणसाचे पुढे शरीराने काय झाले असेल, घाम, कंप, रात्रीची तडफड, याचा विचार त्या शब्दसंपत्तीत करता येत नव्हता. लहान खेड्यात, ओळखीच्या माणसांत दारू हटविण्यास बंदी पुरली. खिशात मावणाऱ्या पुडीपुढे ती पुरण्यासारखी नव्हती.

ही पुडी १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात आली. ब्राउन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइन. तिला लोकांनी ‘गर्द’ म्हटले. फारसीत गर्द म्हणजे धूळ, भुकटी. इराणातही बोलभाषेत हेरॉइनला हाच शब्द आहे. मराठीत ‘गर्द’ आधी होताच, गर्द झाडी, गर्द हिरवा; त्याला हा नवा सोबती मिळाला. ‘गर्दुल्ला’ या शब्दाची घडण मात्र निराळी. त्यातील ‘-उल्ला’ हा व्यक्तिनामांच्या शेवटी येणाऱ्या घटकाची नक्कल आहे, असे माझे मत आहे. उपहासाने एक खोटे नाव तयार करावयाचे आणि ते शेकडो माणसांना द्यावयाचे, म्हणजे त्यांतील कोणालाच स्वतःचे नाव उरत नाही; आणि त्या नकलेत एका समाजाकडे पाहण्याचा तिरपा कटाक्षही आहे, हे सांगितले पाहिजे. वृत्तपत्रांनी हा शब्द कसलीही शहानिशा न करता उचलला.

१९८५ मध्ये केंद्राचा नवा कायदा आला. त्याचे मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. परिभाषेच्या दृष्टीने नाव बिनचूक आहे. राहुरीच्या त्या माउलीस ते एका श्वासात म्हणता येणार नाही.

याच काळात अनिल अवचट यांनी पुण्यातील गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणांमध्ये हिंडून लेखमाला लिहिली. ‘गर्द’ या नावाने तिचे पुस्तक झाले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी ती वाचून आपल्या प्रतिष्ठानातर्फे साहाय्य देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट त्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ मध्ये निधन होईपर्यंत केंद्राचा भार मुख्यतः त्यांनी वाहिला. ज्या प्रकारच्या संस्थांच्या वह्यांत एकेकाळी ‘गांजा’ लिहून चौकशी संपत असे, तशाच एका संस्थेच्या कुंपणात ही चौकशी नव्याने सुरू झाली.

मुक्तांगणने दोन शब्दांना बळ दिले. एक ‘व्यसनमुक्ती’. बंदी द्रव्याची असते, मुक्ती माणसाची. समासाचा उत्तरार्ध बदलताच वाक्याचा कर्ता बदलला. दुसरा ‘रुग्णमित्र’. या शब्दावर ‘मित्र’ जोडणे हा भाबडेपणा, अशी टीका मी ऐकली आहे, आणि प्रथम मलाही ती पटली होती. परंतु केंद्राची पद्धत पाहिली असता शब्द शोभेचा नाही असे दिसते. तेथे सुमारे पाच आठवडे निवासी उपचार चालतात, आणि उपचार करणाऱ्यांत पूर्वी स्वतः उपचार घेतलेली माणसे पुष्कळ असतात. म्हणजे आजचा रुग्ण व उद्याचा कार्यकर्ता यांमधील रेषा खरोखरच पुसट आहे. पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. द्रव्य तोडल्यावर होणाऱ्या यातनांना तेथे ‘टर्की’ म्हणतात. इंग्रजीतील शब्दयुग्माचे एक टोक मोडून घेतलेला हा शब्द कोशकारांनी अद्याप पुरता टिपलेला नाही.

कायद्यानेही पुढे आपली भाषा थोडी मऊ केली. १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ अन्वये अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलास मादक द्रव्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत एक गोष्ट चिंतनीय आढळली : हुंगण्याची द्रव्ये हा असा एकच वर्ग आहे की, ज्याचे सेवन प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत (१.१७ टक्के) अधिक आहे. व्हाइटनरसाठी परवाना लागत नाही. तो दप्तरातच असतो.

राहुरीचा तो मुलगा अखेर आईबरोबर पुण्यास गेला. दाखल होताना भरावयाच्या कागदावर तक्रारीचा रकाना होता. आईने तेथे काय लिहावे म्हणून मुलाकडे पाहिले, असे तिने मला सांगितले. त्याने घरचेच वाक्य सांगितले आणि समोरच्या कार्यकर्त्याने ते तसेच उतरून घेतले. पुढे पाठपुराव्यास आला असता तो मला भेटला. माझ्या टिपणात ‘त्याने टर्की काढली’ असे एक वाक्य होते. ते वाचून त्याने मान हलविली. असे कोणी म्हणत नाही, तो म्हणाला. “त्याला टर्की आली” असे म्हणतात. मी टिपण दुरुस्त केले.